कुलूप शाबूत, वस्तू गायब: विमानप्रवासातील सामानचोरीवर वाचकांचे प्रश्न

विमानप्रवासात सामान चोरीला जाण्याबद्दल आलेल्या पत्रांतून निवडलेले प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखी आहे. चोरी लक्षात आली ती घरी पोहोचून बॅग उघडल्यावर, आणि तोवर पुरावा गोळा करण्याची वेळ निघून गेली होती. म्हणून उत्तरांचा भर बेल्टवरून बॅग उचलल्यापासून विमानतळाबाहेर पडेपर्यंतच्या वेळेवर आहे. भरपाई मिळणार की नाही, हे पुष्कळदा तिथेच ठरते.

प्रश्न: दुबईहून मुंबईला उतरून टॅक्सीने पुण्याला आलो. बॅगेचे कुलूप जागेवर होते, चेन बंद होती. घरी उघडली तर एक मोबाइल, घड्याळ आणि परफ्यूमच्या दोन बाटल्या नाहीत. कुलूप न तोडता हे झाले कसे? तीन दिवस उलटले आहेत, आता तक्रार करता येईल का? (पुणे)

उत्तर: तक्रार करता येईल, पण आजच करा. आधी चोरी कशी होते ते पाहू, कारण तक्रारीत तेच दाखवावे लागणार आहे.

बहुतेक बॅगांना नायलॉनच्या वेटोळ्याची चेन असते. तिच्या मधोमध बॉलपेनचे टोक जोरात दाबले की दात सुटतात आणि चेन फाकते. हात घालून वस्तू काढायच्या, मग कुलपाने एकत्र अडकवलेले दोन्ही रनर त्या फाकलेल्या भागावरून एकदा फिरवायचे. चेन पुन्हा जुळते आणि कुलूप होते तसेच राहते. यासाठी एखादे मिनिटही लागत नाही. खुणा मात्र राहतात. एखाद्या ठिकाणी दात वाकडे झालेले असतात, कडेचा दोरा निघालेला असतो, कधी शाईचा ठिपका असतो. रनर तुम्ही जिथे ठेवले होते तिथून सरकलेले असतात. चेनचा तो भाग उजेडात, जवळून टिपा. बॅग धुऊ नका, दुरुस्तीला देऊ नका, टॅग फाडू नका.

मुदतीबद्दल. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो. भारत २००९ पासून त्यात आहे आणि संयुक्त अरब अमिरातीही आहे. चेक-इन सामानाच्या नुकसानीची लेखी तक्रार सामान हाती आल्यापासून ७ दिवसांत झाली पाहिजे, असे त्यातले कलम ३१ सांगते. ‘बॅग तर मिळाली, मग नुकसान कुठे?’ असे उत्तर काउंटरवर मिळू शकते. पण बॅगेतल्या काही वस्तू गायब होणे हेही नुकसानच, असा अर्थ ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने आधीच्या वॉर्सा कराराबाबत १९८० मध्येच लावला आहे. त्यामुळे ७ दिवसांची मुदत आपल्याला लागू आहे असेच धरून चाला. ती चुकली तर दाव्याचा रस्ता बंद होतो.

तुमची अडचण दुसरी आहे. तक्रार न करता बॅग ताब्यात घेतली, तर ती चांगल्या स्थितीत मिळाली असे सकृद्दर्शनी मानले जाते. ते खोडून काढण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. म्हणून ईमेलमध्ये पीएनआर, टॅगवरचा दहा आकडी क्रमांक, उड्डाणाची तारीख, प्रत्येक वस्तू तिच्या किमतीसह, बिले आणि चेनचे फोटो एकत्र पाठवा. फोनवरचे बोलणे तक्रार धरले जात नाही. मोबाइलचा आयएमईआय क्रमांक घालून पोलिसांकडेही तक्रार नोंदवा. चोरीच्या वस्तूंपैकी माग काढता येईल अशी तीच एक आहे.

यापुढे मोबाइल, घड्याळ, कॅमेरा, लॅपटॉप चेक-इन बॅगेत घालूच नका. अशा वस्तूंची जबाबदारी घेत नाही, असे बहुतेक विमान कंपन्यांच्या वाहतूक-अटींत लिहिलेले असते, आणि दावा नाकारताना पहिले बोट तिथेच ठेवले जाते.

प्रश्न: बेल्टवरून बॅग उचलल्यावर नेमके काय तपासायचे? इतक्या गर्दीत बॅग उघडून बसणे शक्य होत नाही. (ठाणे)

उत्तर: पूर्ण उघडायची गरज नाही. बॅग बाजूला घेऊन चेनवर बोट फिरवत एक फेरी मारा. कुलूप, रनर आणि बाहेरचे खिसे बघा, बॅग उचलून वजनाचा अंदाज घ्या. काही वेगळे वाटले तरच उघडा, आणि उघडण्याआधी फोटो काढा.

संशय आला तर बाहेर पडू नका. बेल्टच्या भागात विमान कंपनीचा सामान-तक्रार काउंटर असतो. तिथे ‘प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट’ म्हणजे पीआयआर भरून घ्या. त्याला साधारण दहा अक्षरा-आकड्यांचा संदर्भ मिळतो. पहिली तीन अक्षरे विमानतळाची, पुढची दोन कंपनीची, मग पाच आकडे. मुंबईत भरलेला अहवाल बीओएम या अक्षरांनी सुरू होतो. फक्त ‘बॅग खराब’ एवढे लिहू देऊ नका. ‘चेन फाकलेली, आतील वस्तू गायब’ हे शब्द आले पाहिजेत. बॅगेचे तिथल्या तिथे वजन करायला सांगा आणि ते अहवालात नोंदवून घ्या. ‘घरी जाऊन ऑनलाइन भरा’ असे सांगितले, तर काउंटरसमोर उभे राहूनच मोबाइलवरून भरा. काउंटरचा आणि बॅगेचा फोटो सोबत जोडा, म्हणजे वेळ आणि जागा दोन्ही नोंदली जातात.

वजनाचा पुरावा उपयोगी आहे, पण त्याच्या मर्यादा ओळखा. टॅगवर पुष्कळदा पूर्ण किलोत वजन असते. मोबाइल साधारण २०० ग्रॅमचा. तेवढा फरक त्यात दिसणार नाही. साड्या, बूट, खाण्याचे डबे गेले असतील तर दीड-दोन किलोचा फरक स्पष्ट दिसतो. म्हणून चेक-इन करताना काट्याच्या पडद्यावरचा आकडा प्रत्येक बॅगेसाठी वेगळा टिपून ठेवा. एकाच पीएनआरवर कुटुंब असेल तर टॅगवर कधी सगळ्यांचे मिळून वजन छापले जाते. नंतर कोणत्या बॅगेतून किती गेले हे त्यावरून सांगता येत नाही.

परदेशातून येत असाल तर आणखी एक कागद. बॅग आलीच नसेल किंवा त्यातले काही गेले असेल, तर विमान कंपनीचे प्रमाणपत्र घेऊन त्यावर कस्टम्सची प्रतिस्वाक्षरी घ्या. तुमच्या शुल्कमुक्त मर्यादेतील न वापरलेला भाग किती, हे त्यात लिहिलेले असते. बॅग चार दिवसांनी आली तर हाच कागद दाखवायचा असतो.

प्रश्न: आई एकटी नागपूरहून दिल्लीमार्गे अमेरिकेला मुलीकडे जाणार आहे. बारशासाठी पाटल्या, तोडे आणि बाळाचे दागिने सोबत आहेत. ते हातातल्या बॅगेत ठेवले की सुरक्षित ना? (नागपूर)

उत्तर: हातातली बॅग कुठे ठेवली जाते, यावर ते अवलंबून आहे. डोक्यावरच्या कप्प्यात गेली की ती हातातली राहत नाही.

मे २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी एका माणसाला पकडले. पोलिसांच्या माहितीनुसार त्याने आधीच्या वर्षभरात सुमारे २०० विमानप्रवास केले होते, आणि सहप्रवाशांच्या हातबॅगांतून दागिने चोरणे हेच त्याचे काम होते. त्याची नजर प्रामुख्याने तुमच्या आईसारख्या प्रवाशांवर असे: देशांतर्गत विमानाने दिल्लीला येऊन पुढे परदेशी जाणाऱ्या, वयाने मोठ्या स्त्रिया. त्यांच्याजवळ सोने असणार हे त्याला ठाऊक होते. विमानात चढण्याच्या गडबडीत तो कप्प्यात सामान नीट लावण्याच्या निमित्ताने त्यांच्या बॅगा चाचपायचा. जागेची अदलाबदल मागून जवळ बसायचा. फेब्रुवारीत अमृतसर–दिल्ली विमानात सुमारे २० लाखांचे आणि एप्रिलमध्ये हैदराबाद–दिल्ली विमानात सुमारे ७ लाखांचे दागिने गेले, त्या दोन तक्रारींवरून तपास पुढे सरकला. चोरी झाल्याचे प्रवाशांना त्या क्षणी कळलेही नव्हते.

म्हणून दागिन्यांसाठी वेगळी छोटी पर्स करा. ती कपड्यांच्या आत कमरेला किंवा खांद्यावरून आडवी लावा. तेवढे जमत नसेल तर समोरच्या सीटखाली, पट्टा पायात अडकवून ठेवा. आईंना दोन गोष्टी नीट सांगा. कोणी ‘मावशी, बॅग द्या, वर ठेवतो’ म्हटले तर कपड्यांची बॅग खुशाल द्यावी, पर्स देऊ नये. स्वच्छतागृहात जाताना पर्स सोबत न्यावी, आणि रात्रीच्या लांब उड्डाणात झोपताना ती अंगावरच असावी. वर ठेवायच्या बॅगेची चेन भिंतीकडे वळवून ठेवावी आणि ती आपल्या समोरच्या कप्प्यात ठेवावी. मागच्या रांगेतल्या कप्प्यावर लक्ष राहत नाही.

एक फसगत हमखास होते. विमान भरले की दारातच हातातल्या बॅगा काढून खाली पोटात पाठवतात. लहान विमानतळांवरून उडणाऱ्या एटीआर विमानांत कप्पेच छोटे असल्यामुळे हे नेहमीचे आहे. अशा वेळी दागिने, औषधे, पासपोर्ट आणि पॉवर बँक बाहेर काढायला दोन मिनिटेही मिळत नाहीत. सगळे आधीच एका पिशवीत असेल तर ती उचलता येते.

विमानातच चोरी लक्षात आली तर उतरण्याआधी केबिन क्रूला सांगा आणि पोलिसांना विमानाजवळ बोलावण्याची विनंती करा. दारे उघडून प्रवासी पांगले की झडतीचा प्रश्नच उरत नाही. वाहनातील वस्तूची चोरी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०५ मध्ये येते, शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर ‘झिरो एफआयआर’चा आग्रह धरा. कुठल्याही ठाण्याने तो नोंदवून योग्य ठाण्याकडे पाठवायचा असतो. मुंबईत टर्मिनल २ साठी सहार पोलीस ठाणे आहे, पुण्यात ‘विमानतळ पोलीस ठाणे’ याच नावाचे.

जाण्याआधी दागिन्यांचे फोटो, वजन आणि पावत्या मुलीकडे पाठवून ठेवा. निघताना विमानतळावर कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले तर तेच दागिने परत आणताना शुल्काचा वाद होत नाही, आणि चोरी झाल्यास दागिने सोबत होते याचा सरकारी पुरावाही हाती राहतो. त्यासाठी वेळ हाताशी ठेवून पोहोचा.

प्रश्न: टीएसए कुलूप, प्लास्टिक गुंडाळणे, एअरटॅग यांतले खरे उपयोगाचे काय? (नाशिक)

उत्तर: तिन्हींचा उपयोग वेगवेगळा आहे.

टीएसए कुलपाची मास्टर किल्ली टीएसए या अमेरिकेच्या विमानतळ-सुरक्षा यंत्रणेकडे असते. २०१४ मध्ये त्या किल्ल्यांचा फोटो वृत्तपत्रात छापून आला आणि २०१५ मध्ये त्यावरून थ्री-डी प्रिंटरने किल्ल्या बनवण्याच्या फाइल इंटरनेटवर पसरल्या. म्हणजे हे कुलूप चोराला अडवत नाही. तरीही अमेरिकेला जाताना तेच लावा, कारण तपासणीसाठी बॅग उघडायची झाल्यास दुसरे कुलूप कापले जाते. तपासणी झाली तर आत छापील सूचनापत्र ठेवतात. ते सापडले आणि वस्तू नसेल तर विमान कंपनीबरोबरच टीएसएकडेही दावा करा. त्याची मुदत दोन वर्षे आहे.

कुलपाचे खरे काम रनर जागचे हलू न देणे. वर सांगितल्याप्रमाणे चेन पेनने फाकवता येते, पण रनर फिरवता आले नाहीत तर ती परत बंद करता येत नाही, आणि चोरी बेल्टवरच दिसते. त्यामुळे दोन्ही रनर एकमेकांना नव्हे, तर बॅगेच्या शिवलेल्या कडीला किंवा हँडलच्या बुंध्याला बांधा. कुलूप तिथे पोहोचत नसेल तर हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा प्लास्टिकचा केबल टाय चालतो. रंगीत घ्या, काळे-पांढरे कोणाकडेही असतात. क्रमांक असलेले सील मिळाले तर आणखी चांगले, क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. कापायला नेलकटर बाहेरच्या खिशात ठेवा. नवीन बॅग घेणार असाल तर चेन नसलेली, कडेला धातूची चौकट आणि खटक्याची कुलपे असलेली कडक बॅग घ्या. ती एक-दीड किलो जड पडते, पण पेनची युक्ती तिच्यावर चालत नाही.

प्लास्टिक गुंडाळल्याने घाईत हात मारणारा पुढच्या बॅगेकडे वळतो, एवढा फायदा नक्की. बेल्टवर ते फाटलेले दिसले तर काढण्याआधी फोटो काढा.

एअरटॅग किंवा अँड्रॉइडवर चालणारा तसाच ट्रॅकर पूर्ण बॅग हरवली तर फार कामाचा आहे. आतून एखादी वस्तू काढली तर तो काहीच सांगत नाही. त्यातील सीआर२०३२ सेलमध्ये सुमारे ०.१ ग्रॅम लिथियम असते आणि चेक-इन सामानातील अशा ट्रॅकरसाठी मर्यादा ०.३ ग्रॅम आहे, त्यामुळे तो बॅगेत चालतो. पॉवर बँक मात्र चेक-इन बॅगेत अजिबात नको. ट्रॅकर अस्तराच्या आत ठेवा, नावाच्या पट्टीत नको, तिथून तो पहिल्यांदा फेकला जातो. आयफोनवरून बॅगेच्या ठिकाणाची लिंक विमान कंपनीला पाठवता येते, ती सात दिवसांनी आपोआप बंद होते. ट्रॅकर एखाद्या घराचा पत्ता दाखवू लागला तर स्वतः तिथे जाऊ नका. स्क्रीनशॉट पोलिसांना द्या.

प्रश्न: नेवार्कला सामान घेतले, कस्टम्स झाल्यावर पुन्हा सोपवले आणि पुढच्या शहरात उतरलो. पासपोर्ट तपासणीत नव्हे, साधी कॉफी घेण्यात पंधरा मिनिटे गेली आणि बेल्टवरून एक बॅग कोणीतरी नेली. विमानतळाच्या आत असे कसे होते? (डॅलस)

उत्तर: अमेरिकेत बहुतेक ठिकाणी देशांतर्गत सामानाचे बेल्ट सुरक्षा तपासणीच्या बाहेरच्या भागात असतात. रस्त्यावरून आलेला कोणीही तिथे उभा राहू शकतो, आणि जाताना टॅग सहसा कोणी तपासत नाही. भारतातून येणाऱ्यांना याची सवय नसते, कारण आपल्याकडे बाहेरच्या लोकांना बेल्टपर्यंत येता येत नाही. उतरल्यावर आधी बेल्ट गाठा, बाकी सगळे नंतर. दोघे असाल तर एकाने पुढे जावे. बॅग गेली असेल तर कंपनीच्या काउंटरवर अहवाल भरून लगेच विमानतळ पोलिसांकडे जा आणि बेल्टवरील कॅमेऱ्याचे चित्रण राखून ठेवण्याची लेखी विनंती करा. चित्रण ठरावीक काळाने पुसले जाते.

प्रश्न: माझ्यासारखीच बॅग बेल्टवर उरली होती, माझी नव्हती. ही चोरीच ना? (रत्नागिरी)

उत्तर: बहुधा अदलाबदल. बेल्टवर उरलेली बॅग हाच मोठा धागा. ती उघडू नका, सोबतही नेऊ नका. टॅगवरच्या नावावरून कंपनी त्या प्रवाशाला फोन करू शकते, म्हणून काउंटरवर तसा आग्रह धरा. अहवाल मात्र भरूनच निघा. २१ दिवसांत बॅग आली नाही तर ती हरवली असे धरून पूर्ण दावा करता येतो. काळ्या आणि गडद निळ्या बॅगा एकसारख्या दिसतात. हँडलला भडक कापड घट्ट शिवून टाका, रिबन निसटते.

प्रश्न: चौघांच्या सहा बॅगा एकाच्या नावावर टाकल्या होत्या. दोन गेल्या. भरपाई किती मिळते? (कोल्हापूर)

उत्तर: देशांतर्गत प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात माँट्रियल कराराची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक आहे, त्याचा भाव रोज बदलतो. रुपयांत ही रक्कम दीड लाखाच्या वर जाते. पण ती कमाल आहे, ठोक भरपाई नव्हे. वस्तूची घसारा वजा जाता किंमत आणि तिचा पुरावा, यावर हाती काय येते ते ठरते.

मर्यादा बॅगेमागे नसून माणसामागे आहे. सगळे टॅग एकाच्या नावावर असले की कंपनी एकाचीच मर्यादा धरू पाहते. कोणत्या बॅगेत कोणाचे सामान होते याची यादी देऊन प्रत्येकाने स्वतंत्र दावा लावा. पुढच्या वेळी चेक-इनलाच ज्याची बॅग त्याच्या नावावर टॅग करून घ्या, आणि प्रत्येक बॅगेत सगळ्यांचा एक-एक कपड्यांचा जोड विभागून ठेवा.

मौल्यवान वस्तू चेक-इन करावीच लागत असेल तर बॅग सोपवताना जादा मूल्याची घोषणा करून शुल्क भरता येते, म्हणजे मर्यादा त्या रकमेपर्यंत वाढते. हे काउंटरवर आधी विचारा, नंतर करता येत नाही. प्रवासविम्यावर विसंबताना अट वाचा: बहुतेक पॉलिसी पूर्ण बॅग हरवली तरच पैसे देतात, आतली वस्तू चोरीला गेली तर नाही. दागिने आणि रोख रक्कमही सहसा वगळलेली असते.

प्रश्न: सुरक्षा तपासणीच्या ट्रेमधून घड्याळ गेले. (पणजी)

उत्तर: घड्याळ, पाकीट, सोनसाखळी सुट्या ट्रेमध्ये ठेवूच नका. रांगेतच ती बॅगेत टाकून चेन लावा. ट्रे पट्ट्यावर सोडायचा तो तुमचा चौकटीतून जाण्याचा नंबर आल्यावर. आधी सोडला तर सामान पलीकडे पोहोचते आणि तुम्ही अलीकडे अडकता. वस्तू दिसली नाही तर तिथल्या सीआयएसएफ अधिकाऱ्याला लगेच सांगा. तिथे कॅमेरे असतात, आणि दुसऱ्याने चुकून उचलले असेल तर तो माणूस अजून गेटवरच असतो. नंतर कळले तर सीआयएसएफच्या संकेतस्थळावर सापडलेल्या वस्तूंची विमानतळनिहाय यादी असते, ती पाहा.

प्रश्न: विमान कंपनीने ‘सदिच्छा म्हणून’ दोन हजारांचे व्हाउचर देऊ केले आहे. घ्यावे का? (सोलापूर)

उत्तर: सोबत ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ अशी ओळ आहे का ते पाहा. असेल तर ते घेतल्यावर पुढचा दावा अवघड होतो. घ्यायचे नसेल तर ईमेलने स्पष्ट नकार कळवा आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याकडे, तिथे न जमल्यास अपील अधिकाऱ्याकडे लिहा. त्यांची नावे कंपनीच्या संकेतस्थळावर असतात. त्याबरोबर नागरी हवाई वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही नोंद करता येते.

एवढ्यावर भागले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते. मोजलेला मोबदला, म्हणजे इथे तिकिटाची रक्कम, पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षे. जोडावयाचे कागद असे: तिकीट, बोर्डिंग पास, टॅगची पावती, पीआयआर, ७ दिवसांच्या आत पाठवलेला ईमेल, बिले, फोटो आणि कंपनीची उत्तरे. एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांनी प्रवास घडवला असेल तर पहिल्या, शेवटच्या आणि ज्या टप्प्यात चोरी झाली त्या कंपनीलाही प्रतिवादी करता येते. अहवाल मात्र जिने शेवटी उतरवले तिच्याकडेच भरायचा असतो.